धाकूची थोरली

फार वर्षांपूर्वी, चिवारवाडीत माणसांपेक्षा रानडुकरं जास्त होती आणि अंगात माज म्हणाल तर दोघांच्याही सारखाच होता, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला भाताचा मळा होता. त्या मळ्याची राखण करायला धाकू नावाचा एक माणूस होता आणि धाकूकडे थोरली होती.

थोरली म्हणजे बायको नव्हे. बायको एकच होती, भागीरथी, आणि तिच्यापुढे दुसरी आणायची धाकूची छाती नव्हती. थोरली म्हणजे त्याच्या पणजोबाची तोड्याची बंदूक. उभी केली तर धाकूपेक्षा वीतभर उंच. तिला ना घोडा, ना टोपी. कुंभ्याच्या झाडाच्या सालीचा वातीसारखा वळलेला तोडा पेटवायचा, तो धुमसत ठेवायचा आणि त्याचा निखारा बंदुकीच्या कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाजवळच्या बारीक भोकाशी, ठेवलेल्या चिमूटभर दारूला टेकवायचा. मग बार उडायचा. उडायचा म्हणजे, तिच्या मनात असेल तर.

पण त्याआधी केवढा सोहळा! धाकू शिंगातून दारू ओतायचा, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, छर्रे सोडायचा, पुन्हा काथ्या, पुन्हा ठासणी. मग तोड्यावर फुंकर. मग राखणदेवाला गाऱ्हाणं. गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणायला राखणीच्या उंच माळ्यावर दुसरं कोणी नसायचं, म्हणून तेही तोच म्हणायचा. असं म्हणतात की धाकू बंदूक भरायला बसला की खाली भागीरथी पेजेचं आधण ठेवायची, आणि पेज नेहमी आधी व्हायची.

चाळीस वर्षं धाकूने मळा राखला. चाळीस वर्षांत त्याने एकही डुक्कर मारलं नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते हरबा आला तेव्हा.

हरबा हा विसाजी खोताचा भाचा. बेळगावच्या बाजारातून त्याने टोपीची नवी बंदूक आणली होती. तीही नळीतूनच ठासायची, पण पुढचं सगळं झटपट. तांब्याची इवलीशी टोपी चढवली, चाप ओढला, घोडा टोपीवर आपटला की धडाड्! तोडा नको, फुंकर नको, देवही नको. पहिल्याच आठवड्यात हरबाने मांडवावरचा एक भोपळा मारला आणि खोताचा जुना कोट घातलेलं बुजगावणं मारलं. दोन्ही वेळा काहीतरी हललं असं त्याचं म्हणणं होतं. कोट फाटल्याचं खोताला मुळीच दुःख झालं नाही. नेम बरोबर छातीत लागला याचंच कौतुक तो चार दिवस सांगत होता.

पाचव्या दिवशी खोताने धाकूला बोलावून घेतलं.

"धाकू, चाळीस वर्षां झाली. एक तरी डुकर मारलंस काय रे?"

"खोतानू, चाळीस वर्षांत एक लोंबी तरी गेली काय?"

"लोंबयेचा नको सांगू. मी डुकराचा विचारतंय."

अशा माणसापुढे काय बोलायचं? मग खोताने निवाडा दिला. येत्या रविवारी उजाडताना दोघांनी मळ्याच्या दोन टोकांना बसायचं. जो डुक्कर पाडील त्याच्याकडे राखण. जो हरेल त्याची बंदूक लोहाराच्या भट्टीत घालून नांगराचे फाळ करायचे. अट हरबाने सुचवली होती आणि खोताला ती फार आवडली, कारण थोरलीत निदान चार फाळांचं लोखंड होतं.

धाकू घरी आला तो पडवीत थोरलीला मांडीवर घेऊन बसला. पणजोबाने तिला खोबरेल लावलं, आजोबाने लावलं, बापाने लावलं. आणि आता तिने चिखलात फिरायचं!

"एक डुकर माराकच होया," तो म्हणाला.

भागीरथी म्हणाली, "चाळीस वर्षां तुमी डुकर मारूक नाय म्हणानच भात उरला. मेलेलो डुकर कोणाक काय सांगूचो नाय. पळालेलो डुकर धा जणांक सांगता."

"पण ते पळतत कित्याक?"

"तुमच्या तोड्याच्या वासान. तुमका काय वाटला, तुमच्या मिशेक भियतत?"

धाकूला खरोखर तसंच वाटत होतं. चाळीस वर्षांचा गैरसमज एका वाक्यात गेला. पण रागावायला वेळ नव्हता. वासाने डुकरं पळत असतील तर वासच करायचा नाही, असं त्याने ठरवलं. बंदूक आधी भरून ठेवायची आणि डुक्कर समोर आल्यावरच तोडा पेटवायचा. चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते तो करणार होता.

रविवार उजाडला. मळ्यावर दाट धुकं होतं. या टोकाला माळ्यावर धाकू, त्या टोकाला हरबा. मधे पिकलेलं भात, आणि कुठे काही हलेना.

आता, आदल्या दिवशी खोताकडे भाच्याच्या आगाऊ विजयाचं जेवण झालं होतं. खोताने वडे जरा जास्तच खाल्ले होते. किती, याबद्दल गावात मतभेद आहेत. कोणी तीस म्हणतात, कोणी चाळीस. पण पहाटेच खोत तांब्या घेऊन घराबाहेर पडला आणि घाईत जवळचा आडोसा म्हणून मळ्याच्या बांधामागे जाऊन बसला, याबद्दल मतभेद नाहीत.

धाकूला बांधामागे खसफस ऐकू आली. धुक्यातून काहीतरी काळं, रुंद, जमिनीलगत दिसलं. मधूनच ते कण्हत होतं. एवढं मोठं डुक्कर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने चकमक झाडली, पण तोडा दवाने ओलावला होता. धरेना. पुन्हा झाडली. धरला आणि विझला. धाकूने चाळीस वर्षांत पहिल्यांदा थोरलीला शिवी दिली. तिसऱ्यांदा तोडा धुमसू लागला, कुंभ्याचा धूर बांधाकडे गेला आणि धाकूला वाटलं, संपलं, आता डुक्कर पळणार.

डुक्कर जागचं हललंही नाही.

धाकू चक्रावला. याला पडसं झालंय की काय? पण हाताशी आलेली संधी सोडायची कशी? त्याने नेम धरला. गाऱ्हाणं तेवढं राहिलं होतं, ते तो घाईघाईने पुटपुटला. "बा राखणदेवा, आज माझी लाज राख. होय म्हाराजा." आणि तोडा कानाशी नेणार, इतक्यात डुक्कर बोललं.

"कोण रे तो विडी ओढता थंय? माकाय एक दी मरे!"

त्या काळी चिवारवाडीत विड्या वळायच्या त्या कुंभ्याच्याच पानाच्या. त्या धुराने डुकरं पळायची आणि खोताला तलफ यायची. धाकूने आवाज ओळखला. त्याने धुमसता तोडा मुठीत धरून चुरगळला. तळहात भाजला तरी त्याला कळलं नाही. "हरबा, मारू नको!" तो ओरडला, "खोत आसत! खोत!"

पण हरबाच्या बंदुकीला ऐकायला वेळ कुठला? खोताचं डोकं विडीसाठी हललं, भात हललं, आणि धडाड्! बांधावर ठेवलेला तांब्या टणकन उडाला आणि भाताच्या पलीकडे जाऊन पडला. उडण्याआधी तो खोताच्या कानापासून जेमतेम हातभर लांब होता.

खोत धोतर हातात धरून धावत सुटला तो धाकूच्या माळ्याखाली येऊन थांबला. असं म्हणतात की त्या धावण्यापुढे चिवारवाडीचे बैल आजही फिके पडतील. मग त्याने विचारलं, "धाकू, तुझो नेमय माझ्यारच होतो?"

धाकू खोटं बोलला नाही. "होतो, खोतानू. पण तोडो उशिरान पेटलो."

"उशिरान पेटलो म्हणान मी उरलंय," खोत म्हणाला.

धाकू माळ्यावरून उतरला आणि ढसाढसा रडला. आपण माणूस मारणार होतो म्हणून रडला, आणि थोरलीला शिवी दिली म्हणूनही रडला. मग त्याने तिच्या पायाशी, म्हणजे दस्त्याशी, डोकं टेकवलं.

थोरली भट्टीत गेली नाही. हरबाचीही गेली नाही, कारण धाकूनेच खोताला अडवलं. "बंदुकीचो काय गुन्हो? तिका थांबाक शिकवूया," तो म्हणाला. त्याने हरबाच्या बंदुकीच्या नळीला कुंभ्याचा तोडा बांधला. आधी तोडा पेटवायचा, तो नीट धुमसेपर्यंत "माणूस काय जनावर?" असं तीनदा विचारायचं, आणि मगच टोपी चढवायची. हरबाने हे इतकं मनावर घेतलं की पुढे आपल्या घरात शिरतानाही तो दारातून तीनदा हाक घालायचा, असं म्हणतात. बायको वैतागून आतून म्हणायची, "माणूस! माणूस! ये आता भितुर."

फुटका तांब्या राखणदेवाच्या देवळात टांगावा असं खोताने सुचवलं. खोताने तो कोणत्या कामाला नेला होता याची गुरवाने आठवण करून दिली आणि नकार दिला. शेवटी तांब्या मळ्याच्या बांधावरच्या कुंभ्याला टांगला. तो अजून आहे. आरपार दोन भोकं, त्यातून आभाळ दिसतं.

आजही खंडेनवमीला चिवारवाडीतल्या साऱ्या बंदुका त्या झाडाखाली येतात. जुन्या, नव्या, सगळ्या. थोरली मधे असते. तोडा पेटवतात आणि तो चार बोटांच्या लांबीइतका जळेपर्यंत कोणी बंदुकीला हात लावत नाही. गावात कोणी तावातावाने भांडायला उठला तरी म्हातारी माणसं त्याला खाली बसवतात. "धाकूचो तोडो पेटांदे," म्हणतात.

तोडा जळाला की धाकूच्या घराण्यातला माणूस मळ्याकडे तोंड करून तीनदा विचारतो, "माणूस काय जनावर?"

खोताच्या घराण्यातला एकजण तेव्हा बांधामागे बसलेला असतो. कितीही मोठा हुद्देदार असो, बसावं लागतं. पहिल्या हाकेला तो गप्प राहतो, दुसऱ्या हाकेला पोरं खिदळायला लागतात. तिसऱ्या हाकेला मात्र सगळं गाव श्वास रोखून उभं असतं, आणि बांधामागून आवाज येतो, "माणूस!"

मग धाकूच्या घरचा माणूस बंदूक खाली ठेवतो, बांधापर्यंत चालत जातो आणि त्याला एक विडी देतो.