सदतिसाव्या पानावरचा दुसरा चंद्र

"चंद्र एक की दोन, एवढंच सांगा."

हेरंब ताम्हनकर सरांनी पुस्तक उघडून पुढे धरलं होतं. उभ्याउभ्याच.

दस्तगीर चाचांनी मान वर केली नाही. ते एका फाटक्या पोथीच्या पाठीला बोटानं खळ लावत होते.

"बसा की," ते म्हणाले.

"बसतो. आधी चंद्र."

चाचांनी खळीची वाटी उचलली आणि थोडी डावीकडे ठेवली. सरांची सावली तिच्यावर पडली होती.

मिरजेतल्या त्या जुन्या दर्ग्याच्या ओसरीत चाचा रोज सकाळी असे बसत. आयुष्य छापखान्यात मशीन चालवण्यात गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी फाटलेली धर्मपुस्तकं सांधायचं काम पत्करलं. कुराण असो, पोथी असो, कुणाच्या आजीचं स्तोत्रांचं चोपडं असो. लोक पुस्तक आणून ठेवत आणि जाता जाता एखादा प्रश्नही ठेवून जात. पुस्तकं नीट होऊन परत मिळत. प्रश्नांबद्दल तशी खात्री देता येत नसे.

हेरंब सरांचा अशा माणसांवर विश्वास नव्हता. ते सांगलीच्या एका कलामहाविद्यालयातून निवृत्त झाले होते. म्हणजे नोकरीतून. शिकवण्यातून नव्हे.

पण या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

पुस्तकाचं नाव होतं 'आभाळापलीकडची गावं'. विज्ञानकल्पनांवरच्या चित्रांचं. माणूस परग्रहांवर राहायला गेला, तर तिथली खेडी कशी असतील, एवढंच चित्रकारानं पानापानावर काढलं होतं. सर बारा वर्षांचे असताना ते घरी आलं. आता त्याची पाठ निघाली होती आणि कोपरे वाटोळे झाले होते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि पत्ता होता. सर त्या पत्त्यावर जाऊन आले. तिथे आता मंगल कार्यालय होतं. दारातल्या चहावाल्यानं सांगितलं, "मशीनवाले चाचा हायत की अजून. दर्ग्यात बघा."

"हे तुम्हीच छापलंत ना?" सरांनी विचारलं.

चाचांनी पुस्तकाकडे पाहिलं. हात लावला नाही. हाताला खळ होती.

"व्हय."

"मग पान सदतीस बघा."

सदतिसाव्या पानावर एक घर होतं. तांबड्या मातीचं अंगण. अंगणात दोरीवर धुणं वाळत होतं. उंबऱ्यावर एक माणूस बसला होता आणि वर काळंभोर आभाळ. आभाळात पिवळा चंद्र. आणि त्या चंद्राच्या उजव्या खांद्यावरून, एखाद्या मुलानं भिंतीआडून बघावं तसा, डोकावणारा दुसरा. पांढरा. नखाएवढा.

"या दुसऱ्या चंद्रावर मी बावीस व्याख्यानं दिली आहेत," सर म्हणाले.

"एवढ्याशा चंद्रावर?"

"चित्रकाराची प्रतिभा तिथेच आहे. मोठा सगळ्यांना दिसतो. धाकटा..."

सर थांबले.

"धाकटा?" चाचांनी विचारलं.

"दुसरा. दुसरा चंद्र."

चाचांनी पोथीला दोरा गुंडाळला, वर वजन म्हणून एक गुळगुळीत दगड ठेवला आणि हात पुसले.

"मग आता काय बिघडलं?"

सरांनी खिशातून एक कात्रण काढलं. वर्तमानपत्रातली जाहिरात. 'आभाळापलीकडची गावं : सुधारित व वाढीव आवृत्ती.' आपल्याकडे पुस्तक सुधारलं की लगेच वाढतंही. मूळ चित्रांवरून नव्यानं छपाई, पूर्वी न छापलेली चाळीस चित्रं, प्रकाशनपूर्व नोंदणी शनिवारपर्यंत. शेजारी नमुना म्हणून सदतिसाव्या पानावरचं चित्र, पोस्टाच्या तिकिटाएवढं.

त्यात चंद्र एकच होता.

"घ्यावी की नाही, ते ठरत नाही," सर म्हणाले. "नवी खरी असेल, तर माझी जुनी चुकीची. जुनी खरी असेल, तर नवी घेण्यात अर्थ नाही. तुम्ही छापलंत. तुम्हीच सांगा."

"कात्रण छान कापलंय," चाचा म्हणाले. "पट्टी लावून. तुम्ही कापलं?"

"नाही. पोस्टानं आलं."

"कुणी धाडलं?"

"ओळखीतल्या एकानं."

"काय लिहून?"

"काही नाही. नुसतं कात्रण."

दर्ग्याच्या अंगणात कबुतरं दाणे टिपत होती. सरांना ही शांतता वर्गात चालली नसती.

"भावानं पाठवलंय," अखेर ते म्हणाले. "पाकिटावरचं अक्षर त्याचं आहे."

"मोठ्या?"

"धाकट्या. मोरेश्वर."

ताम्हनकरांच्या वडिलांनी दोन्ही मुलांना एकाच गणपतीची नावं ठेवली होती. हेरंब आणि मोरेश्वर. देव एक असल्यानं घरात वाद होणार नाहीत, अशी त्यांची समजूत असावी. वडील गेले आणि घराची वाटणी झाली. पुष्कळ घरांत ती पातेल्यांवरून मोडते. इथे तसलं काही झालं नाही. तांब्याच्या बंबावरून तर उलटाच आग्रह चालला होता. तू घे. नको, तूच घे.

सगळं झाल्यावर मोरू म्हणाला होता, "दादा, मला ते पुस्तक दे. बाकी काही नको."

आणि हेरंबदादा म्हणाले होते, "ते मला व्याख्यानांना लागतं."

मोरू उठला. चपला घातल्या. गेला.

तो जयसिंगपूरला राहत होता. सांगलीहून एसटीनं अर्धा तास. अठरा वर्षांत तो अर्धा तास कुणालाच सापडला नव्हता.

"त्यानं हे टोमणा म्हणून पाठवलंय," सर म्हणाले. "तू नवं घे आणि माझं जुनं मला दे. दुसरा अर्थ काय असणार?"

"असेल," चाचा म्हणाले. "पण त्याचा चंद्राशी काय संबंध?"

संबंध सरांनी मनाशी नीट जुळवून आणला होता. दुसरा चंद्र खरा ठरला, तर एवढं अस्सल पुस्तक कुणी देऊन टाकत नाही. चूक ठरला, तर चुकीचं पुस्तक मोरूकडे धाडता येईल, रद्दी धाडल्यासारखं. दोन्हींत त्यांना कुठे वाकावं लागत नव्हतं. हे त्यांनी चाचांना सांगितलं नाही. पण चाचा त्यांच्याकडे असे बघत होते, की सांगितल्यासारखंच झालं.

चाचांनी बंडीच्या खिशातून एक भिंग काढलं. मशीनवर रंग तपासायचं. पितळी कडा घासून पांढुरकी झाली होती.

"बघा."

सर खाली बसले. भिंगाला डोळा लावला. आभाळ फुटून ठिपक्याठिपक्यांचं झालं. काळे ठिपके, निळे ठिपके. चंद्राच्या जागी पिवळे.

"उजवीकडं जावा. धाकट्यावर."

सरांनी भिंग सरकवलं.

"काय दिसतं?"

"काही नाही."

"परत बघा."

"काहीच नाही. एकही ठिपका नाही."

"कोरा कागद आहे तो," चाचा म्हणाले.

सरांनी डोकं वर केलं.

"एका चित्राला चार रंग. कागद चारदा मशीनखालून जायचा. काळ्यानं, निळ्यानं आभाळ छापलं आणि चंद्रापुरती जागा कोरी सोडली. त्या जागेत पिवळा बसायचा होता... केसभर डावीकडं सरकला. उजवीकडं जागा उघडी पडली. तो तुमचा दुसरा चंद्र."

"म्हणजे चूक."

"चूक."

"कुणाची?"

"माझी. सुरुवातीचे शंभरेक ताव तसे गेले. मग मी मशीन सारखं केलं. ते ताव बाजूला टाकायचे होते. पण कागद कमी पडला. मालक म्हणाले, जाऊ दे, चंद्राकडं कोण बघतंय."

"म्हणजे सगळ्या प्रतींत..."

"एकच. शंभरेक सोडून."

सरांना इस्लामपूरचा एक म्हातारा आठवला. व्याख्यान संपल्यावर तो उभा राहिला होता. "माझ्या प्रतीत एकच चंद्र आहे हो," असं म्हणाला होता. सरांनी त्याला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं. सभागृह हसलं होतं. म्हातारा बसला होता.

बावीस व्याख्यानं. कोऱ्या कागदावर.



"आमच्या माळ्यावर काचेचं एक कौल होतं," सर म्हणाले. हे ते का सांगतायत, त्यांचं त्यांनाच कळेना. "दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन पडायचा, पाटाएवढा. पुस्तक त्यात ठेवायचं. ऊन पुढे गेलं की पुस्तक पुढे न्यायचं. संध्याकाळपर्यंत आम्ही पार भिंतीला जाऊन टेकायचो."

"दोघं?"

"दोघं. हे पान आलं की वाटणी व्हायची. मोठा चंद्र माझा. मागचा त्याचा. तो म्हणायचा, माझा एवढासाच का? मी म्हणायचो, तू धाकटा म्हणून. मग तो सांगायचा, मागून पुष्कळ मोठा आहे, तुला दिसत नाही. तिथे त्याची नदी होती. विहीर होती. शाळा नव्हती. पुस्तक मिटलं तरी त्याचं सांगणं चालूच असायचं. एकदा म्हणाला, दादा, मी तिकडे राहायला गेलो तर तू येशील ना? आणि..."

चाचा थांबले होते. वाटीतली खळ सुकत होती.

"आणि सारखं आपलं एकच. दादा, तुझं डोकं मधे येतंय. मी म्हणायचो, मी मोठा आहे, डोकंही मोठंच असणार."

सर हसले. मग हसू तसंच राहून गेलं आणि त्याचं काय करावं, ते त्यांना सुचेना.

"आता भूगोल शिकवतो शाळेत," ते म्हणाले. "म्हणजे, शिकवायचा. तोही निवृत्त झाला असेल यंदा."

"असेल," चाचा म्हणाले.

सरांनी पुन्हा भिंग लावलं. पांढऱ्या नखाएवढ्या जागेत ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. कागदाचे तंतू होते. दुसरं काही नव्हतं.

"म्हणजे मोरूनं कोऱ्या कागदासाठी हट्ट धरला," ते म्हणाले.

"आणि तुम्ही तो दिला नाही."

कबुतरं एकदम उडाली आणि पुन्हा तिथेच उतरली.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुमच्या जागी कसा असणार? मी पिवळा सरकवणारा माणूस."

"थट्टा करू नका, चाचा."

"थट्टा न्हाय करत. मशीन सारखं केल्यावर मी दोन्ही ताव शेजारी शेजारी ठेवून बघितले. चुकलेला आणि बरोबर. बरोबरमध्ये चंद्र आपल्या जागी गच्च बसलेला. मागं काय बी न्हाय. सगळं काळं." चाचांनी भिंगाची काच सदऱ्याला पुसली. "मोठा जागचा हलला होता, तेवढ्यापुरता दुसरा दिसला."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. चाचांनी भिंग खिशात टाकलं आणि ढिगातून पुढचं पुस्तक ओढलं. कुणाचं तरी स्तोत्रांचं चोपडं. पहिली चार पानं सुटलेली.

"माझा प्रश्न साधा होता," सर म्हणाले. आवाज पूर्वीसारखा करायचा त्यांनी प्रयत्न केला. "नवी आवृत्ती घ्यावी की नाही."

"घ्या की. चाळीस चित्रं जास्तीची आहेत म्हणता. आणि आताची मशीनं चुकत नाहीत."

"आणि ही?"

चाचा सुटी पानं क्रमानं लावत होते. एक पान उलटं आलं होतं, ते त्यांनी सुलटं केलं.

सर उठले. पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं, सदतिसाव्या पानावर, आणि कात्रण खुणेसाठी आत ठेवलं. कात्रणातला एकुलता चंद्र नेमका त्या दोघांवर पडला. त्यांनी ते उचललं आणि दुसरीकडे ठेवलं. तिथून काढलं आणि खिशात घातलं.

"जयसिंगपूरची एसटी इथून मिळते का?" त्यांनी विचारलं. मग घाईनं म्हणाले, "सहज विचारतोय."

"मिळते."

"अठरा वर्षांनी जाऊन काय बोलायचं माणसानं? तोंड उघडलं की व्याख्यान होतं माझं... त्यानं दार उघडलं तर पहिलं वाक्य काय म्हणायचं?"

चाचा सुईत दोरा ओवत होते. दोरा दोनदा हुकला.

सर कमानीत उभे होते, पुस्तक पोटाशी धरून. ऊन मागून येत होतं. त्यांची लांब सावली ओसरीवर, चोपड्यावर आणि चाचांच्या हातांवर पडली होती. सर आले तेव्हा चाचांनी वाटी हलवली होती. या वेळी त्यांनी काही हलवलं नाही. सुई तशीच अंधारात धरून ते थांबले.

सरांना उत्तर हवं होतं. तेही थांबले.

"सर," चाचा म्हणाले, "जरा सरका. उजेड अडतोय."