धनेशाला दिलेली हाक

"पण आजोबा, पक्षी तुम्ही बोलावता तरी कसे?"

पुनाजी गावडे पुढे चालत राहिले. तिळारीच्या रानात जन्म गेलेला माणूस. त्यांनी बोलावलं की मोठ्या चोचीचा धनेश येतो, असं लोक सांगतात. ते शिकायला मी आले होते... म्हणजे, फोटो काढायला.

सकाळी ते मला न्यायला आले, तेव्हा मी ओटीवर दहा महिन्यांच्या इराला पाजत होते. ते लगेच पाठ करून पोफळीकडे बघत उभे राहिले. तिचं होईपर्यंत. मग इराला नवऱ्याकडे देऊन मी निघाले. पहिल्यांदाच. वाटेत पक्षी कमी आणि मोबाईलची रेंजच जास्त शोधली.

एका जुन्या झाडासमोर आम्ही बसलो. उंच ढोलीचं तोंड लिंपलेलं, बोटभर फट तेवढी उघडी.

"आत धनेशाची बायको आसा," आजोबा कुजबुजले. "पिल्लू पण. तो आणतलो तेव्हा जेवतली."

"कधी आणणार?"

"तेका इचार."

नऊ वाजले. अकरा वाजले... इरा रडत असेल. आजोबांचे डोळे मिटलेले. मी हळूच मोबाईल काढला आणि धनेशाची रेकॉर्ड केलेली हाक लावली.

तो आला! चोचीत उंबरं. समोरच्या फांदीवर बसला. हाक देणारा दुसरा नर शोधू लागला आणि ओरडला. ओरडायला चोच उघडली, तशी उंबरं खाली पडली.

मी धडाधड फोटो काढले. तो डोंगरापलीकडे उडून गेला.

"आला की नाही, आजोबा?"

"इलो. कोणासाठी?"

फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. उघडलं. थांबलं... पुन्हा आत गेलं.

तेवढ्यात माझा कुर्ता दुधानं ओला झाला. इराची वेळ. कॅमेरा छातीशी धरून मी मान खाली घातली.

"चुकलं माझं."

आजोबा उठले. मला लांब, करवंदीच्या जाळीआड घेऊन गेले आणि झाडाकडे पाठ करून उभे राहिले. सकाळसारखे. मीही तशीच उभी राहिले. बराच वेळ. मोबाईल पिशवीत.

मागे पंखांचा जड आवाज आला. फांदी हलली. माझी मान वळणारच होती...

"शिकलंस गो," आजोबा म्हणाले. "आता बघू नको. जेवतत ती."