मानकूचं मुसळ

इथे जरा जपून पाय टाका, खडकात खड्डे आहेत. पाण्याची टाकी नाहीत ती, उखळं आहेत. गडावरच्या शिबंदीसाठी खालच्या साळकोंड गावच्या बायका इथे भात कांडायच्या. आणि इथेच, असं सांगतात, मानकू लोहारीण धरली गेली.

दुष्काळ पडला होता. गावात लोक कंद उकडून खात होते आणि वर गडाची कोठारं भाताने भरलेली होती. कोठाराचं कुलूप मानकूच्या नवऱ्याने, केरू लोहाराने घडवलेलं. त्यानेच ते उघडून दिलं. गावातल्या गड्यांनी धान्य उतरवलं आणि ते रानातल्या कपारीत जाऊन लपले. केरू कुलूप पुन्हा लावायला मागे राहिला आणि सापडला.

किल्लेदाराने त्याला फार मारलं म्हणे. केरूने कुणाचं नाव घेतलं नाही. मग किल्लेदाराला कळलं, की लोहाराला बायको आहे आणि ती त्याच्यासमोर उभी राहून ऐरणीवर घण मारते. तिला त्याच्या डोळ्यांदेखत धरलं की हा बोलेल. पण किल्लेदार गडावर नवा. ती कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि गाव सांगेना. हातांना घट्टे तर सगळ्याच बायकांच्या.

त्याने कुणाला धमकावलं नाही. बायकांना नेहमीसारखं कांडायला वर बोलावलं. समोर ऐरण मांडली आणि केरूला त्याच्याच पायातली बेडी घडवायला बसवलं. ज्या हातांना त्याच्या हातोड्याची सवय आहे, ते नकळत त्याच्या ठोक्याला लागतील, असा त्याचा अंदाज.

मानकूने तो ओळखला. शेजारच्या धोंडाईला ती हळूच म्हणाली, "काही झालं तरी मी ठोका धरायची नाही."

केरू ठोकत राहिला. ऊन चढलं. किल्लेदार डोळे मिटून ऐकत होता. आधी मुसळं कशीही पडत होती. मग एकीचं मुसळ हातोड्याबरोबर पडलं, मग दुसरीचं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला कळलंही नाही. ज्या बायकांनी जन्मात घण उचलला नव्हता, त्यांचे हात, माना, श्वाससुद्धा त्या ठोक्याला लागले. मानकू मात्र ओठ आवळून कधी लवकर, कधी उशिरा मुसळ टाकत होती.

किल्लेदाराने डोळे उघडले. एकच मुसळ चुकत होतं.

"तिला आणा," तो म्हणाला.

मानकूला कड्याच्या टोकाशी उभं केलं. तिथे केरूचा धीर सुटला, त्याने तोंड उघडलं. ती म्हणाली, "बोललात तर एवढ्या घरांतले गडी मरतील. गप्प राहा."

केरू गप्प राहिला. तिला खाली ढकललं.

पुढचं सांगताना आमची जुनी माणसं आवाज खाली घेत. किल्लेदाराने केरूला पुन्हा ऐरणीपुढे बसवलं आणि बायकांना म्हणाला, भात अजून राहिलाय. त्या रडत कांडू लागल्या. हातोडा पडत होता. थोड्या वेळाने धोंडाईच्या ध्यानात आलं, की मुसळं पुन्हा एका ठोक्यात पडताहेत, तिचं स्वतःचंही. तिने हात आवरून पाहिला. हात ऐकेना. आता चुकणारं कुणी उरलं नव्हतं.

कपारीतले गडी वाचले. केरूचं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

आमच्याकडे लग्नाची हळद कुटतात ती आजही गाण्याविना. मुसळं एकत्र पडू लागली की तिथली सगळ्यांत म्हातारी बाई हात वर करते. बायका मुसळं खाली ठेवतात, थांबतात, मग एकेक करून उचलतात. नव्या सुनांना आधीच बजावलेलं असतं. सगळ्या जपून कुटतात. तरी दर लग्नात म्हातारीला हात वर करावाच लागतो.