राचं तळं

पांगरदऱ्याच्या तळ्याचा बांध बाहेरच्या अंगाने पाहिला, तर घडीव दगडांच्या सलग ओळीत एका ठिकाणी दगडच नाही. माणूस पाठ टेकून उभा राहील एवढी ती खोबण आहे. पाहुणे आले की गावचे शेषेरावकाका त्यांना आधी तिथे नेतात. गवंड्याची चूक असेल, असं बहुतेकांना वाटतं. "चूक नाही," काका म्हणतात, "सटवाजीची जागा आहे ती." मग तिथेच बैठक मारून सांगू लागतात.

तीन वर्षं पाण्याविना काढल्यावर गावाने तळं बांधायला घेतलं. दगडकामाला तेलंगणातून वडार आले. त्यांची मुकादम होती तिम्मव्वा. नवरा गेल्यावर त्याचा हातोडा आणि त्याची माणसं, दोन्ही तिने सांभाळली. दगडावर नुसती बोटं फिरवून तो कुठे फुटेल ते सांगायची म्हणे. तिला मराठी येत नव्हतं. गावाच्या वतीने कामावर असायचा सटवाजी, आणि त्याला तेलुगू येत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने 'राई' मागितली, म्हणजे दगड. सटवाजीच्या बायकोने वाटीभर मोहरी पाठवून दिली.

'या' म्हणण्याचा तिच्या बोलीतला आदराचा शब्द मराठी कानाला भलताच वाईट लागतो. एकदा तिने सटवाजीला तसं बोलावलं आणि गडी फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून ती त्याला हाताच्या खुणेनेच बोलवायची.

काम संपत आलं असताना एका दुपारी वरच्या डोंगरात ढगफुटी झाली. इथे थेंब नव्हता, आणि ओढा मात्र लाल होऊन धावत आला. तळं भरू लागलं. जादा पाणी वाहून जायच्या सांडव्याच्या तोंडात अजून मोठी शिळा पडून होती. वडारांनी तिला दोर लावला, चौघांनी खालून पहारी घातल्या. दोराचं पुढचं टोक तिम्मव्वाच्या हातात. इकडे बांधाला बाहेरून शेवटचा दगड बसवायचा राहिला होता, तिथून गढूळ पाणी झिरपायला लागलं. सटवाजीने मातीचं पोतं तिथे लावलं आणि पाठीने दाबून धरलं.

त्याच्या डोक्यावर बांधाला चीर पडत होती. त्याला ती दिसत नव्हती, तिम्मव्वाला दिसली. दोर सोडला असता, तर शिळा पहारीवाल्यांवर उलटली असती. खूण करायला हात मोकळा नव्हता. ती जीव खाऊन ओरडली, "रा! रा!"

तिच्या बोलीत रा म्हणजे ये. "आणि आमच्याकडं 'राहा' एवढं लांब कोण म्हणतं?" काका सांगतात. "'हितंच रा', 'उभा रा'." सटवाजीने मान हलवली आणि टाचा रोवल्या. ती आणखी ओरडली, तो आणखी रेटून उभा राहिला. अखेर शिळा निघाली, पाणी सांडव्यातून सुटलं. चिरलेली माती सटवाजीवर कोसळली, पण बांध टिकला. त्याला उकरून काढलं तेव्हा श्वास चालू होता. उजवा पाय मात्र कायमचा गेला.

तिम्मव्वाने राहायला सांगितलं आणि सटवाजी राहिला, असं घराघरांत दोघांचं नाव झालं. बाया तिच्या पाया पडायला लागल्या. तिला काही उमगेना. शेवटी दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका कासाराने तिला अर्थ सांगितला. त्यानंतर दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही, असं सांगतात. ती गप्प बसली असती तर कुणाला कळणार नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी ती कासाराला घेऊन सटवाजीच्या दारात गेली.

"मी तुला राहा म्हणाले नव्हते," तिने कासाराकरवी सांगितलं. "निघून ये म्हणत होते. तुझा पाय माझ्या शब्दाने गेला."

सटवाजीने निकामी पाय हातांनी उचलून सरळ केला. राग आला नसेल असं नाही. मग म्हणाला, "मला तेलुगू येत नव्हतं तेच बरं, बाई. येत असतं तर मी आलो असतो, अन् तळं गेलं असतं."

तिम्मव्वाने त्या जागी आतून चुना-मुरूम ठासून बांध पक्का केला, पण दर्शनी दगड बसवला नाही. काम संपलं, वडारांचं बिऱ्हाड गाढवांवर चढलं. गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं. सटवाजी काठी टेकत सगळ्यांच्या मागून आला आणि तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "रा."

कासार जवळ नव्हता. कोणत्या भाषेतलं, हे तिने विचारलं नाही. ती माघारी आली, आणि राहिली.

आजही बांधाखाली वडारवस्ती आहे. आजही पांगरदऱ्यात कुणाला लांबून हाक मारून बोलावत नाहीत. माणूस शेतात असो की पाण्यात, जवळ जातात, हाताला धरतात, मग काय ते सांगतात. परक्या मुलखातला असेल तर हमखास. काकांचं सांगून होतं, पाहुणे वर बांधावर जाऊन तळं बघतात, तेवढ्यात वस्तीतल्या नागम्मा बांधाची सगळी चढण चढून वर येतात. खालून हाक दिली असती तरी ऐकू आली असती. धाप जिरेपर्यंत त्या थांबतात आणि पाहुण्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंचा हात हातात घेतात.

"चला," त्या म्हणतात, "भाकरी झाल्यात."