वारा लागू नये म्हणून

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी तुम्ही उघडी ठेवाल का?

गिरजाबाईंना असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं. लेक शेवंता बाळंतपणाला माहेरी आली, त्याच दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली. फटींत चिंध्या कोंबल्या. बाळ झाल्यापासून बाजेखाली कोळशाची शेगडी, कोपऱ्यात डासांची कॉइल आणि सकाळ-संध्याकाळ ओवा-वेखंडाची धुरी.

बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं, आणि बाळ खोकत होतं. दूध ओढता ओढता दमून सोडून देत होतं.

म्हणून गिरजाबाईंनी टेकडीवरच्या मठातून माईंना बोलावून आणलं. माईंनीच त्यांना अनुग्रह दिलेला. जपतपात गावात आपला हात धरणारं कोणी नाही, असं गिरजाबाई मानत, आणि बोलूनही दाखवत.

"दृष्ट लागलीय, माई. अंगारा द्या."

माई दारातच थबकल्या. डोळे चुरचुरायला लागले होते.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. औषध दिलं, आणि वर म्हणतो, शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा. मिसरूड फुटलं नाही अजून, आणि मला बाळंतपण शिकवतो!"

बाजेवरून शेवंता म्हणाली, "मी पण तेच म्हणते, तर आई..."

"तू आधी कान बांध. वारा लागेल."

माई आत आल्या. त्यांनी बाळाला उचलून घेतलं. आपल्या पांढऱ्या पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि बाळाचं नाक हलकेच पुसलं.

मग ते टोक गिरजाबाईंपुढे धरलं.

काळं झालं होतं.

"अंगारा मागतेस ना? हा बघ. तू आधीच लावलायस... आतून."

गिरजाबाईंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. त्या तरातरा गेल्या आणि खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"तुम्ही माझ्या गुरू आहात, माई. उपास सांगा, करते. अनवाणी मठात ये म्हणा, येते. पण ही खिडकी उघडणार नाही. देव खाली उतरला तरी नाही."

"वाऱ्याचं एवढं काय भय गं?"

"तुम्हाला मूल झालं असतं तर कळलं असतं!"

शेवंताने जीभ चावली. माईंनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्याची पाठ थोपटत राहिल्या.

"माझं पहिलं लेकरू वाऱ्यानं नेलं," गिरजाबाई म्हणाल्या. "ह्याच खोलीत. असंच खोकत होतं. तेव्हापासून मी वाऱ्याला शिव्या देत आलेय. रोज."

"तेव्हा खिडकी उघडी होती?"

शेगडीतला कोळसा तडकला. बाळ खोकलं.

"होती का, गिरजा?"

"नाही... सासूबाईंनी फटी शेणानं लिंपून घेतल्या होत्या."

"मग वारा आला कुठून?"

गिरजाबाईंची नजर शेगडीकडे गेली. पाठ मात्र खिडकीला तशीच टेकलेली.

"मला माहीत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तुम्ही अंगारा देणार की नाही, तेवढं सांगा."

"नाही देणार."

"मग गुरू कशाला म्हणायचं तुम्हाला?"

"नको म्हणूस."

माईंनी बाळ शेवंताच्या मांडीवर ठेवलं आणि त्या निघाल्या. अंगण ओलांडेपर्यंत मागून कोणी हाक मारली नाही. मग गिरजाबाई दारापर्यंत आल्या.

"माई... मग इतकी वर्षं मी शिव्या कोणाला दिल्या?"

"जो खिडकीबाहेरच उभा होता, त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताने शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली, चिंध्या ओढून काढल्या आणि खिडकी उघडली. गिरजाबाई बघत होत्या. त्यांनी ती लावली नाही.