मलकाबाईसाठी थांबलेली ओहोटी

फार फार मागे, आपल्या खाडीला धक्काही नव्हता तेव्हा, या गावात मलकाबाई तेलीण राहायची. शनवार तेल्यांतली, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंतली. शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. बाई कामाला वाघ, आणि जीभ म्हणाल तर त्याहून तिखट.

एकदा तिची तांब्याची तपेली हरवली. शेजारच्या नागू कोळणीनंच ती उचलली, असं ती गावभर बोलली. पुढं तपेली सापडली तिच्याच गवताच्या गंजीत. तेव्हा मात्र बाई मूग गिळून बसली. इकडे नागूला कुणी दारात उभं करेना.

मग दारफळणीचा सण आला. त्या दिवशी बेने इस्राएल पांढरं नेसून, दारं लावून, चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही न घेता उपास करतात आणि देवाकडे पापांची माफी मागतात. माणसांची मागायची ती आदल्या दिवशी. मलकाबाईनं नणंदेची, जावांची, अगदी विहिणीचीसुद्धा मागितली. नागूची? ती कुठं आपल्यातली, म्हणून सोडून दिली.

सणाच्या दुपारी बंद दाराआड तिनं ऐकलं, नागू घर मोडून निघाली. ओहोटीबरोबर शिडाचा पडाव सुटणार, की मग ती काही परत यायची नाही. मलकाबाई दाराकडे धावली, तसा सासरा आडवा आला.

"सूनबाई, हे दार आज देवाशिवाय कुणासाठी उघडायचं नाही."

"मग त्यालाच सांगा मामंजी, पडाव थांबव म्हणून."

तिनं उंबऱ्यावर कपाळ टेकलं नि रडली. माझ्या पापांचं राहू दे, म्हणाली, पण तिला जाऊ देऊ नको.

असं म्हणतात, त्या दिवशी ओहोटी लागलीच नाही. खाडी तुडुंब तशीच उभी. शीड फुगलेलं, तांडेल वल्ही मारून दमलेला, पण पडाव जागचा हलेना.

चांदण्या दिसल्या, दार उघडलं. मलकाबाई अनवाणी धावत कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नागू, तपेली माझ्याच गंजीत होती. ठाऊक असून मी गप्प बसले. चुकले गं."

नागूनं वरून पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पयलं पानी पी. भांडू उद्या."

आणि बोचकं घेऊन खाली उतरली. तिचे पाय वाळूला लागले, तेव्हा कुठं पाणी ओसरायला लागलं, असं म्हणतात.

त्या तेल्यांची घरं आता नाहीत, माणसं कधीच दूरदेशी गेली. तरी दसऱ्याच्या सुमारास तो दिवस आला की आपल्या खाडीतली होडी चांदणी दिसेपर्यंत सुटत नाही. आणि सुटण्याआधी तांडेल चढलेल्यांना विचारतो, "कुणाचं कुणाशी बोलायचं राहिलंय का?"

हसू नका. दरवर्षी कुणी ना कुणी उतरतंच.