साळूने अर्धी सोडलेली हाक

पाच ओढे जिथे एकमेकांना मिळतात, त्या डोहाच्या काठी करवंदीच्या रानात एक साळू राहत असे. अंगावर हातभर लांब काटे, पण स्वभावाने इतकी मऊ की शेजारून कोणी जाताना दिसलं तर आधी काटे अंगाशी मिटून घ्यायची आणि मग विचारायची, "लागलं तर नाही ना?" तिच्या तोंडून कधी कोणाला वावगा शब्द गेला नव्हता. पावसाळ्यात दोन खेकड्यांचं भांडण झालं, तर तेही साळूकडे यायचे आणि दोघेही आपणच जिंकलो असं समजून परत जायचे.

आता त्या डोहाभोवती पाच रानं होती आणि प्रत्येक रानाची स्वतःची पंचायत होती. पाची पंचायतींनी आपले तीन-तीन पंच निवडून एक मोठी सभा केली होती. दर पौर्णिमेला सकाळी डोहाकाठच्या सपाट खडकावर ती भरे. तिथे प्रत्येक पंचाचा स्वतःचा दगड होता आणि मधोमध अध्यक्षाचा उंच दगड. एका रानाच्या राजाने दुसऱ्या रानात तोंड घालायचं नाही, पण कुठल्याही रानाच्या पंचाला धक्का लागला तर तो सगळ्या सभेला लागला, असं ठरलेलं होतं.

मुलांनो, त्यासाठी त्यांनी एक रीत घालून दिली होती. सभा सुरू होण्याआधी अध्यक्षाने सगळे दगड बघायचे. एखादा रिकामा दिसला, तर त्यावर पाय ठेवून त्या पंचाला तीन हाका मारायच्या. उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. ते आलं नाही, तर दुसऱ्या रानांतल्या दोन पंचांनी उठायचं, त्याच्या घरी जायचं, डोळ्यांनी बघून यायचं. ते परत येईपर्यंत कामकाज बंद. आजारी असेल तर आजारी बघून यायचं, मेला असेल तर मेलेला. ही रीत सांभाळायला एक म्हातारं कासव नेमलेलं होतं. त्याने सात अध्यक्ष बघितले होते.

आठवी अध्यक्ष साळू झाली. तिचं नाव सुचवलं होतं सागाच्या रानातल्या भेकराने. भेकर म्हणजे लहानसं हरीणच, पण वाघाचा वास आला की असं भुंकतं की अख्खं रान जागं होतं. "काटे असून टोचत नाही, अशीच अध्यक्ष हवी," असं ते म्हणालं, आणि मतं पडली. त्या दिवशी साळूच्या बिळाशी कंदांचा आणि आवळ्यांचा ढीग लागला होता. कासव तेवढं हात हलवत आलं. "पोरी, मिटलेले काटे चांगलेच दिसतात," ते म्हणालं. "पण ते उघडतात का, हे मधूनमधून बघत जा."

"आजोबा, तुम्ही पण ना," साळू हसली.

वर्ष छान गेलं. मग फाल्गुनाच्या सभेत सागाच्या रानातलं भेकर उठलं आणि म्हणालं, "आमच्या वाघाने आमची पंचायत बंद केली आहे. तीन महिने आम्हाला जमू दिलेलं नाही. हे सभेने लिहून घ्यावं." बाजूच्या दगडावर त्याच रानातलं तरस बसलं होतं. ते खाली मान घालून नखं चाटत राहिलं.

पुढच्या पौर्णिमेला साळू खडकावर आली, तर भेकराचा दगड रिकामा.

ती त्या दगडाशी गेली. दगडाला अजून भेकराच्या खुरांनी पडलेली गुळगुळीत खोबण होती. साळूने तिच्यात पाय ठेवला आणि पहिली हाक मारली. पलीकडच्या काठावरून प्रतिध्वनी आला, तेवढाच.

"बाई, कशाला घसा कोरडा करता?" तरस उठून म्हणालं. "त्यांचा घसा बसलाय. पडून आहेत बिचारे. मीच काल मध देऊन आलो."

"स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं," कासव म्हणालं. "दोन हाका राहिल्यात. मग दोघांनी जायचं."

"आजोबा, ज्याचा घसा बसलाय तो तोंडाने कसं सांगेल?" तरसाने विचारलं. सगळे हसले. साळूही हसली, आणि तरस तिच्याजवळ येऊन हळूच म्हणालं, "आमच्या रानात परक्या रानाचे दोन पंच तपासाला पाठवणार, म्हणजे आमचा शब्द खोटा ठरवणार. पुढच्या पौर्णिमेला निवडणूक आहे बाई. आमचं रान तुमच्याच बाजूला आहे, ते राहू द्या."

साळूला हिशेब कोणी सांगायची गरज नव्हती. देवराईतलं सांबर या वेळी तिच्याविरुद्ध उभं होतं. माळरान सांबराकडे, बांबूचं बन तिच्याकडे. सागाचं रान ज्याच्याकडे जाईल तो अध्यक्ष. आणि तिला वाटलं, यात वाईट काय आहे? आपण राहिलो तर भेकराचं भलंच करू. सांबर आलं तर ते फक्त शिंगं मिरवेल.

तिने खोबणीतून पाय काढला.

"आपण सगळे पंच आहोत," ती सभेला म्हणाली. "एकमेकांच्या शब्दावर विश्वास नको का? मला वाटतं, रिकाम्या दगडाचं उत्तर त्याच रानाच्या सोबत्याने दिलं तरी चालावं. म्हणजे कोणाचा मान दुखावणार नाही."

ठराव एकमताने झाला. कासवाला मत नव्हतं. त्याने मान कवचात ओढून घेतली आणि सभा संपेपर्यंत बाहेर काढली नाही.

आठ दिवसांनी भेकराची बायको, भेकरी, साळूच्या बिळाशी आली. अंगावर काटेरी झुडपांचे ओरखडे, कुशी आत गेलेल्या. साळूने तिला आधी बसवलं, आवळे पुढे केले. भेकरीने आवळ्यांकडे बघितलंही नाही.

"ताई, हे आजारी नाहीत," ती म्हणाली. "सागांच्या मागे कपार आहे, तिच्यात कोंडलंय. वाघ तोंडाशी बसलाय. नखसुद्धा लावत नाही, नुसता बसलाय. आत पाण्याचा टिपूस नाही. पहाटेचं दव चाटून राहिलेत. सकाळी भुंकतात ना, तेव्हा मला कळतं की आहेत."

"वाघ काय म्हणतो?"

"म्हणतो, मी बसायची जागा बदलली, त्यात गुन्हा काय. ताई, दोन पंच नुसते येऊन उभे राहिले तरी त्याला उठावं लागेल. सभेच्या पंचांसमोर तो तिथे बसू शकत नाही. त्याला तेवढी लाज अजून आहे."

साळूने भेकरीच्या पायाला लागलेला काटा दातांनी अलगद काढला. "निवडणूक होऊ दे," ती म्हणाली. "आज मी बोलले तर मीही जाईन आणि तेही. एकदा निवडून आले की मी पहिलं काम हेच करते. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"विश्वास आहे म्हणून तर दोन ओढे पोहून आले," भेकरी म्हणाली. "किती दिवस, ताई?"

"तीन आठवडे."

"दव आता कमी पडायला लागलंय," भेकरी एवढंच म्हणाली आणि उठली.

पौर्णिमेला सागाच्या रानाची मतं साळूला पडली आणि ती पुन्हा अध्यक्ष झाली. टाळ्या थांबल्यावर ती घाईने म्हणाली, "आता आपल्या भेकराचं काय ते विचारायचं आहे."

"त्यांना देवाज्ञा झाली," तरस म्हणालं. "परवाच. घशाचंच दुखणं. आम्ही नवीन पंच आणलाय." आणि एक लांडगा पुढे येऊन भेकराच्या दगडावर बसला. पंजा बरोबर त्या खोबणीत ठेवून.

साळूने कासवाकडे बघितलं. कासव तिच्याकडेच बघत होतं. ते काही म्हणालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून साळूला अन्न गोड लागेना. कंद उकरायची आणि तसाच टाकून द्यायची. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, कामाचा ताण असेल. पाऊस येऊन गेला, थंडी येऊन गेली. मग तिच्या स्वतःच्या रानातल्या बिबट्याने करवंदीची पंचायत बोलावली आणि सांगितलं, "वरचं तळं आजपासून माझं. पंचांनी हो म्हणावं आणि घरी जावं. परत जमायची गरज नाही."

सगळे हो म्हणाले. साळूची पाळी आली, तेव्हा तिला भेकराच्या दगडावरची ती खोबण दिसायला लागली.

"नाही," ती म्हणाली. तिच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. कितीतरी वर्षांनी. तिला स्वतःलाच त्यांचा खडखडाट ओळखू आला नाही.

बिबट्याला राग आला नाही. "साळूबाई, तुम्ही पाच रानांच्या अध्यक्ष," तो म्हणाला. "तुमच्या अंगाला कोण हात लावणार?"

दुसऱ्या दिवशी साळू उठली, तर बिळाचं मागचं तोंड दगडमातीने बुजवलेलं, आणि पुढच्या तोंडाशी बिबट्या बसलेला. पंजे समोर जुळवून, निवांत. "मी कोणाला काही करत नाही," तो म्हणाला. "मला ही जागा आवडली. सागाच्या रानातही वाघ बसला होता की. तिथे कोणी विचारलं?"

चार दिवस गेले. साळूने मुळं चावली, ओली माती चोखली. ती घाबरली नव्हती, कारण पाचव्या दिवशी पौर्णिमा होती आणि सभेचा खडक तिच्या बिळापासून हाकेच्या अंतरावर होता. दगड रिकामा दिसेल, हाक येईल. आपण इथूनच उत्तर देऊ. तेवढं पुरे.

पाचव्या दिवशी खडकावर पावलं वाजली. अध्यक्ष नाही म्हणून, मागच्या निवडणुकीत उपाध्यक्ष झालेलं तरस उंच दगडावर चढलं. आणि तिला तिच्या नावाची हाक ऐकू आली. एक.

साळूने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. तिने सगळा जीव एकवटून काटे उभे केले आणि खडखडवले.

"काहीतरी वाजतंय," कोणीतरी म्हणालं.

"वाळकी पानं," तिच्याच रानातलं मुंगूस म्हणालं. ते तिच्या उजव्या हाताला बसायचं, तिने आणलेले आवळे खायचं. "बाईंची तब्येत बरी नाही. पडून आहेत."

"सोबत्याने उत्तर दिलं," तरस म्हणालं. "ठराव बाईंचाच आहे. कामकाज सुरू."

"दोन हाका राहिल्यात," कासवाचा आवाज आला.

"आजोबा, ठराव झालाय ना? तुमच्यासमोरच झालाय."

"झालाय. मागच्या वेळी ठराव ऐकून मी बसून राहिलो," कासव म्हणालं. "या वेळी बसत नाही. माझ्याबरोबर कोण येतंय?"

साळू कान देऊन ऐकत राहिली. कोणी उठल्याचा आवाज आला नाही. मग खडकावर कवच घासल्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. कासव एकटंच निघालं होतं. तो आवाज कधी वाळूत बुडायचा, कधी गोट्यांवर यायचा. बाकीच्यांना जे अंतर एका धावेचं, ते त्याला दिवसभराचं होतं. साळूला ते ठाऊक होतं. तिने काटे आणखी एकदा वाजवले, त्याला दिशा कळावी म्हणून. मग आणखी एकदा, हळू.

उन्हं कलती झाली तेव्हा बिबट्या बिळाच्या तोंडाशी कान लावून जरा वेळ थांबला. आत काटे वाजत नव्हते, श्वासही नव्हता. मग तो उठला, आळस दिला आणि वरच्या तळ्याकडे निघून गेला. तिथे बसून राहायचं त्याला आता काही कारण उरलं नव्हतं.

कासव पोहोचलं तेव्हा वाट मोकळी होती. त्याने बिळाच्या तोंडाशी पाय ठेवला आणि साळूला हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. मग रीतीप्रमाणे उत्तराची वाट बघत ते तिथेच उभं राहिलं.

तात्पर्य : पुढाऱ्याने गैरहजर सोबत्याची चौकशी स्वतः आणि पूर्ण करावी. ती टाळण्यासाठी त्याने काढलेली पळवाट पुढे त्याच्याच सुटकेची वाट बंद करते.